सुरेश सिन्हा म्हणजे गुरुदत्त नव्हे
बंगळुरात जन्मलेले आणि पुण्याच्या प्रभात कंपनीत उमेदवारी केलेले दिग्दर्शक गुरुदत्त १९६४ साली, ३९व्या वर्षी, दारू व झोपेच्या गोळ्यांनी गेले. नसरीन मुन्नी कबीर यांच्या १९८९च्या अनुबोधपटात आप्तांच्या आठवणींशेजारी त्यांच्या चित्रपटांतील दृश्ये येतात. आणि १९५९च्या ‘कागज के फूल’मधील खचलेला दिग्दर्शक सुरेश सिन्हा म्हणजेच गुरुदत्त, असे प्रेक्षक सहज धरून चालतो. मग व्यसन हे दुखणे न राहता प्रतिभेचा दागिना होते! तो चित्रपट कोसळला खरा. परंतु १९६० साली त्यांच्याच संस्थेच्या ‘चौदहवीं का चाँद’ने भरभरून गल्ला जमविला, ही गोष्ट शोककथेत बसत नाही. ‘कागज के फूल’चा छायाप्रकाश ज्यांनी साधला, त्या म्हैसूरच्या व्ही. के. मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला, तो २००८ सालचा.