बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट

बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट लिमिटेड ही बजाज उद्योगसमूहाची होल्डिंग कंपनी, अर्थात धारक कंपनी आहे. तिचे नोंदणीकृत कार्यालय पुण्याजवळील आकुर्डी येथे असून तिचे समभाग मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्हींवर सूचिबद्ध आहेत. ही कंपनी स्वतः कोणतीही वस्तू बनवत नाही आणि कर्जवाटपही करत नाही. बजाज ऑटो, बजाज फिनसर्व्ह व महाराष्ट्र स्कूटर्स या कंपन्यांचे मोठे भागसंच बाळगणे आणि उरलेला पैसा रोखे व इतर समभागांत गुंतवणे, एवढाच तिचा व्यवसाय आहे. मोजक्या कर्मचाऱ्यांवर चालणारी ही कंपनी दुचाकी व तीनचाकी वाहने, ग्राहककर्जे आणि विमा अशा परस्परांहून अगदी भिन्न व्यवसायांवर एका कुटुंबाचे नियंत्रण टिकवून धरते. भारतातील कौटुंबिक भांडवलाची रचना समजून घेण्यासाठी तिचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

बजाज समूहाची स्थापना १९२६ मध्ये जमनालाल बजाज यांनी केली. राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या गावी १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल लहानपणी वर्ध्याचे व्यापारी सेठ बच्छराज यांच्या कुटुंबात दत्तक गेले. पुढे ते महात्मा गांधींचे निकटचे सहकारी झाले. १९३१ मध्ये उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना उभारून समूहाने कारखानदारीत पाऊल ठेवले. जमनालाल यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी नोंदवली गेली. तिच्या नावात दत्तक घराण्याची आठवण होती. परदेशी बनावटीच्या दुचाकी व तीनचाकी आयात करून विकण्याचे काम ती करत असे. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९६० मध्ये ती बजाज ऑटो या नावाने सार्वजनिक कंपनी झाली. १९६८ पासून राहुल बजाज यांच्याकडे तिची सूत्रे होती.

परवाना पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यातून कंपनीकडे मोठी रोकड साचत गेली. वाहन उद्योगाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक असलेला हा पैसा रोख्यांत, समभागांत आणि नव्या व्यवसायांत गुंतवला गेला. १९८७ मध्ये वाहनकर्जांसाठी बजाज ऑटो फायनान्स ही कंपनी निघाली. तीच आजची बजाज फायनान्स. २००१ मध्ये जर्मनीच्या आलियान्झ या कंपनीशी भागीदारी करून समूह आयुर्विमा व सर्वसाधारण विमा या दोन्ही क्षेत्रांत उतरला. एकाच ताळेबंदात कारखाना, विमा, कर्ज आणि गुंतवणुकीचा साठा एकवटल्यामुळे कंपनीचे नेमके मूल्य किती, हे गुंतवणूकदारांना ठरवता येईना.

२००८ चे विभाजन

मे २००७ मध्ये संचालक मंडळाने कंपनीच्या विभाजनाची योजना जाहीर केली. उच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर ती फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली. वाहन व्यवसाय नव्या बजाज ऑटोकडे गेला, तर वित्तीय सेवा व पवनऊर्जा बजाज फिनसर्व्हकडे गेली. मूळ कंपनीचे नाव बदलून बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाले आणि गुंतवणुकीचा साठा तिच्याकडेच राहिला. यातून एक गमतीची गोष्ट घडली. कायद्याच्या दृष्टीने १९४५ मध्ये जन्मलेली कंपनी म्हणजे आजची धारक कंपनी होय. सध्याची बजाज ऑटो ही एप्रिल २००७ मध्ये नोंदलेली नवी कंपनी आहे. जुने नाव मात्र तिच्याकडे आले.

योजनेचा खरा गाभा समभागांच्या वाटपात होता. जुन्या कंपनीचे सुमारे १०.१२ कोटी समभाग होते. प्रत्येक समभागामागे भागधारकाला दोन्ही नव्या कंपन्यांचा एकेक समभाग मिळाला. त्याशिवाय दोन्ही कंपन्यांनी सुमारे ४.३५ कोटी समभाग धारक कंपनीला दिले. त्यामुळे प्रत्येकीच्या एकूण सुमारे १४.४७ कोटी समभागांपैकी ३० टक्के धारक कंपनीच्या हाती आले. केवळ सरळ वाटप झाले असते, तर प्रवर्तक कुटुंबाचा नव्या कंपन्यांतील हिस्सा जुन्या कंपनीतल्याइतकाच राहिला असता. धारक कंपनीमार्फत आलेल्या या ३० टक्क्यांनी तो भक्कम झाला. व्यवसाय सुटसुटीत व्हावेत, हे विभाजनाचे जाहीर कारण होते. नियंत्रणाची तटबंदी हा त्याचा तितकाच महत्त्वाचा परिणाम मानावा लागेल. राहुल बजाज यांचे थोरले पुत्र राजीव वाहन व्यवसाय आणि धाकटे संजीव वित्तीय व्यवसाय सांभाळत असल्याने पुढच्या पिढीच्या कार्यक्षेत्रांची विभागणीही याच योजनेने झाली.

मालकीची साखळी

रचनेच्या शिखरावर जमनालाल सन्स ही कुटुंबाची खासगी कंपनी आहे. तिच्यासह प्रवर्तक गटाकडे धारक कंपनीचे निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ५१ टक्के समभाग आहेत. मार्च २०२५ च्या सुमारास धारक कंपनीकडे बजाज ऑटोचे सुमारे एक तृतीयांश आणि बजाज फिनसर्व्हचे सुमारे ३९ टक्के समभाग होते. बजाज फिनसर्व्ह ही स्वतःही धारक कंपनीच असून बजाज फायनान्सचे निम्म्याहून अधिक समभाग तिच्याकडे आहेत. बजाज इलेक्ट्रिकल्ससारख्या समूहातील इतर कंपन्यांतही लहान हिस्से आहेत.

या साखळीचे गणित असे. धारक कंपनीत ५१ टक्के आणि तिच्यामार्फत बजाज ऑटोत ३४ टक्के मालकी असेल, तर या मार्गाने बजाज ऑटोच्या नफ्यातील कुटुंबाचा आर्थिक वाटा सुमारे १७ टक्केच होतो. मतदानाच्या वेळी मात्र संपूर्ण ३४ टक्के मते एकत्र पडतात. उरलेले भांडवल धारक कंपनीच्या सामान्य भागधारकांचे असते; त्यामागची मते कुटुंबाच्या निर्णयानुसार दिली जातात. प्रवर्तकांचे थेट व इतर मार्गांनी असलेले समभाग धरले, तर बजाज ऑटोत त्यांचा एकत्रित हिस्सा ५५ टक्क्यांच्या, तर बजाज फिनसर्व्हमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास भरतो. कंपनी कायद्यानुसार विशेष ठराव संमत होण्यास विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात. त्यामुळे एक चतुर्थांशाहून अधिक मते असलेली धारक कंपनी एकटीच असा ठराव अडवू शकते.

या सत्तेला काही मर्यादा आहेत. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या, म्हणजे सेबीच्या नियमांप्रमाणे सूचिबद्ध कंपनीत किमान २५ टक्के समभाग जनतेकडे असावे लागतात. संबंधित पक्षांमधील मोठ्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने प्रवर्तकांना मत देता येत नाही. २५ ते ७५ टक्के हिस्सा असलेल्या भागधारकाला एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपेक्षा अधिक समभाग घ्यायचे असल्यास इतर भागधारकांपुढे खुला प्रस्ताव ठेवावा लागतो.

उत्पन्न

धारक कंपनीचे उत्पन्न मुख्यतः लाभांश, व्याज आणि गुंतवणुकीच्या विक्रीतून येते. समूहातील दोन प्रमुख कंपन्या या बाबतीत एकमेकींच्या अगदी उलट आहेत. २०२४-२५ या वर्षासाठी बजाज ऑटोने प्रतिसमभाग २१० रुपये लाभांश दिला. सुमारे साडेनऊ कोटी समभागांवर धारक कंपनीच्या वाट्याला येणारी ही रक्कम २,००० कोटी रुपयांच्या घरात जाते. बजाज फिनसर्व्हने त्याच वर्षासाठी प्रतिसमभाग १ रुपया दिला. साठ कोटींहून अधिक समभाग असूनही त्यातून जेमतेम ६० कोटींच्या आसपास रक्कम मिळते. कारण व्यवसायाच्या स्वरूपात आहे. दुचाकीचा कारखाना स्थिरावला की त्याला फारसे नवे भांडवल लागत नाही. कर्ज व विमा यांची वाढ मात्र भांडवलावरच अवलंबून असते, म्हणून तेथील नफा व्यवसायातच ठेवला जातो. एक कंपनी रोकड पुरवते आणि दुसरीचे मूल्य वाढत राहते. दोन्हींकडून सारख्याच लाभांशाचा आग्रह न धरणे, हेच येथे गुंतवणूकसंचाचे व्यवस्थापन होय.

समभागांची पुनर्खरेदी हा पैसा मिळण्याचा दुसरा मार्ग. बजाज ऑटोने २०२४ मध्ये प्रतिसमभाग १०,००० रुपये दराने ४,००० कोटी रुपयांची पुनर्खरेदी केली. २०२२ ची पुनर्खरेदी खुल्या बाजारातून झाली होती. त्या पद्धतीत प्रवर्तकांना समभाग विकता येत नाहीत. परिणामी एक रुपयाही न खर्चता त्यांच्या हिश्श्याचे प्रमाण वाढते.

करांचा प्रश्न २०२० नंतर बदलला. लाभांश वितरण कर रद्द होऊन लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र ठरला. एकाच नफ्यावर प्रत्येक पायरीवर कर बसू नये म्हणून आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ८०एम आणले गेले. मिळालेला लाभांश कंपनीने मुदतीत आपल्या भागधारकांना वाटल्यास तेवढ्या रकमेची वजावट तिला मिळते. धारक कंपन्यांना पैसा साठवण्यापेक्षा वाटणे सोयीचे व्हावे, असा या तरतुदीचा परिणाम आहे.

हिशेब आणि नियमन

कंपनीचे स्वतंत्र व एकत्रित हिशेब शेजारी ठेवले, तर ते दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटावेत इतके भिन्न दिसतात. बजाज ऑटो व बजाज फिनसर्व्ह या निम्म्याहून कमी हिश्श्यामुळे उपकंपन्या न ठरता सहयोगी कंपन्या ठरतात. स्वतंत्र ताळेबंदात त्या मूळ खरेदीखर्चाने नोंदल्या जातात. एकत्रित हिशेबात मात्र त्यांच्या संपूर्ण नफ्यातील धारक कंपनीचा वाटा, लाभांश मिळो वा न मिळो, उत्पन्नात धरला जातो. त्यामुळे एकत्रित नफा पाहून तेवढी रोकड कंपनीच्या हाती आली, असे समजणे चुकीचे ठरते.

२००९ पासून ही कंपनी भारतीय रिझर्व्ह बँकेकडे बँकेतर वित्तीय कंपनी म्हणून नोंदलेली आहे. अशा कंपनीला दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान २० टक्के भाग राखीव निधीत टाकावा लागतो. ज्या धारक कंपन्यांची ९० टक्के वा अधिक निव्वळ मालमत्ता समूहातील कंपन्यांतच असते, त्यांच्यासाठी ‘कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी’ हा निराळा वर्ग आहे.

महाराष्ट्र स्कूटर्सचा वाद

भागसंच मिळवणे कधीकधी किती चिवट काम असते, हे महाराष्ट्र स्कूटर्सच्या प्रकरणातून दिसते. १९७५ मध्ये राज्य शासनाचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून ही कंपनी स्थापन केली. महामंडळाकडे २७ टक्के आणि बजाजकडे २४ टक्के समभाग होते. साताऱ्याच्या कारखान्यात तयार होणारी ‘प्रिया’ स्कूटर एकेकाळी घरोघरी परिचित होती. स्कूटरचे दिवस सरले. कंपनीकडे राहिले ते मुख्यतः बजाज समूहातील कंपन्यांचे समभाग, आणि त्यांचे मूल्य कारखान्याच्या कितीतरी पट वाढले.

महामंडळाने २००३ मध्ये आपला हिस्सा बजाजला विकण्याची तयारी दाखवली, पण किमतीवर एकमत होईना. प्रकरण लवादाकडे गेले. लवादाने जानेवारी २००६ मध्ये प्रतिसमभाग १५१.६३ रुपये किंमत ठरवली. महामंडळाने निवाड्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २०१० मध्ये निवाडा रद्द केला, तर खंडपीठाने २०१५ मध्ये तो पुन्हा उचलून धरला. अखेर जून २०१९ मध्ये हिस्सा धारक कंपनीकडे आला आणि ५१ टक्के मालकीसह महाराष्ट्र स्कूटर्स तिची उपकंपनी झाली. तोवर बाजारात या समभागाचा भाव हजारांच्या घरात पोहोचला होता. सार्वजनिक महामंडळाने दीर्घकाळ जपलेली मालमत्ता जुन्या मूल्यांकनाच्या आधारे हस्तांतरित होणे कितपत न्याय्य, हा प्रश्न या प्रकरणात आहे. मूळ प्रस्ताव महामंडळाचाच होता, हेही तितकेच खरे.

आलियान्झच्या हिश्श्याची खरेदी

मार्च २०२५ मध्ये समूहाने दोन्ही विमा कंपन्यांतील आलियान्झचा २६ टक्के हिस्सा सुमारे २४,१८० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. खरेदीची वाटणी लक्षणीय आहे. सुमारे १९.९५ टक्के धारक कंपनीने, ५.०४ टक्के जमनालाल सन्सने आणि केवळ १.०१ टक्के बजाज फिनसर्व्हने घ्यायचे ठरले. ७४ टक्के आधीच हाती असलेल्या बजाज फिनसर्व्हला ७५ टक्क्यांचा टप्पा ओलांडता येईल एवढाच भार तिच्यावर टाकला गेला. तिचे भांडवल विमा व कर्ज व्यवसायांच्या वाढीसाठी मोकळे राहिले. वर्षानुवर्षे सरकारी व खासगी रोख्यांत पडून असलेल्या पैशाचा उपयोग काय, या धारक कंपनीच्या भागधारकांना पडणाऱ्या प्रश्नाचे हे एक उत्तर होते. विदेशी भागीदार बाहेर पडताना तिसरा खरेदीदार शोधण्याची वेळ समूहावर आली नाही.

बाजारभावातील सवलत

धारक कंपनीकडील समभागांच्या एकूण बाजारमूल्याच्या तुलनेत तिचा स्वतःचा बाजारभाव बराच कमी असतो. या तफावतीला ‘होल्डिंग कंपनी डिस्काउंट’ म्हणतात. बजाज होल्डिंग्जच्या बाबतीत ही सवलत दीर्घकाळ निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक राहिली आहे. नियंत्रण राखणारे मुख्य भागसंच कुटुंब बाजारात मोकळे करील, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. विकलेच तर भांडवली नफ्यावर कर द्यावा लागेल. म्हणून कागदावरचे मूल्य सामान्य भागधारकाच्या हाती कधी येईल, याचा अंदाज बांधता येत नाही. नियंत्रणाचा लाभ कुटुंबाला होतो आणि सवलतीची झळ इतरांनाही बसते, अशी टीका या रचनेवर होते. त्यावर, सवलतीत घेतलेल्या समभागावर लाभांशाचे प्रमाण जास्त पडते, असे उत्तर दिले जाते. दीर्घकाळ समभाग बाळगणाऱ्यासाठी त्यात तथ्य आहे. विकू पाहणाऱ्यासाठी ते फारसे उपयोगाचे नाही.

ही सवलत किती टोकाला जाऊ शकते, हे दुसऱ्या एका कंपनीने दाखवून दिले. एशियन पेंट्सचे समभाग बाळगणाऱ्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा भाव जेमतेम साडेतीन रुपये होता आणि त्या भावाला कोणी विकत नसे. अशा गुंतवणूक कंपन्यांच्या योग्य किमतीसाठी सेबीने जून २०२४ मध्ये विशेष लिलावाची पद्धत आणली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या लिलावात एल्सिडचा भाव एका दिवसात २,३६,२५० रुपयांवर गेला.

कुटुंब आणि उत्तराधिकार

समूहात फूट पडली नाही असे नाही. काही वर्षे चाललेल्या वादानंतर २००८ च्या सुमारास राहुल बजाज यांचे धाकटे बंधू शिशिर व त्यांचे पुत्र कुशाग्र वेगळे झाले. साखरेची बजाज हिंदुस्थान आणि केशतेलाची बजाज कंझ्युमर केअर या कंपन्या त्यांच्याकडे गेल्या. उरलेल्या शाखा धारक कंपनीच्या छताखाली एकत्र राहिल्या. संजीव बजाज २०१२ पासून धारक कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक आहेत. बजाज ऑटोचे अध्यक्षपद एप्रिल २०२१ अखेर राहुल बजाज यांनी सोडल्यावर ते त्यांचे चुलत बंधू नीरज यांच्याकडे गेले. राजीव व्यवस्थापकीय संचालक राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात राहुल बजाज यांचे निधन झाले, तेव्हा समूहातील कोणत्याही प्रमुख कंपनीचे सूत्रधार बदलावे लागले नाहीत.