पिट्सबर्गची पिरोगी : घरगुती चवीची पारख

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलाद आणि कोळशाचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोलंड, स्लोव्हाकिया, युक्रेन या प्रदेशांतील हजारो कुटुंबे येथील कारखान्यांत आणि आसपासच्या खाणींत राबण्यासाठी आली. त्यांनी बरोबर आणलेली शिदोरी फार थोडी होती. परंतु त्या शिदोरीतील एक पदार्थ शहराची ओळख होऊन बसला. तो म्हणजे पिरोगी.

महाराष्ट्रातील गृहिणीला पिरोगी समजावून सांगणे अवघड नाही. मैद्याची मऊ कणीक मळावी, तिची पातळ पारी लाटून गोल कापावी, मध्ये सारण ठेवून ती अर्धचंद्राकार दुमडावी आणि कडेला मुरड घालावी. येथवर ती करंजीची सख्खी बहीण. पुढे मात्र वाट बदलते. करंजी तळली जाते, तर पिरोगी खळखळत्या पाण्यात उकडून मग लोण्यावर परतली जाते. सारण बहुधा उकडलेला बटाटा आणि चक्क्यासारख्या ताज्या चीजचे असते. त्याखेरीज आंबवलेला कोबी, अळंबी, गोड चीज, सुकवलेल्या आलुबुखारांचा घट्ट मुरंबा अशीही सारणे प्रचलित आहेत. पोलिश भाषेत ‘पिरोगी’ हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे. जी वस्तू कधी एकटी केली वा खाल्ली जात नाही, तिला असे नाव शोभूनच दिसते.

तळघरातील स्वयंपाकघरे

पिट्सबर्गमध्ये घरच्यासारखी पिरोगी कोठे मिळते, असे कोणी विचारले तर जुने रहिवासी प्रथम एखाद्या चर्चचे नाव सांगतात. शहराच्या दक्षिण भागातील, सोनेरी घुमटांच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट युक्रेनियन कॅथलिक चर्चची पिरोगी-विक्री सर्वपरिचित आहे. अशा ठिकाणी वयस्कर स्त्रिया आठवड्यातून ठरावीक दिवशी तळघरात जमतात. कोणी बटाटे सोलते, कोणी पारी लाटते, कोणी सारणाचे सारखे गोळे करते आणि ज्यांची बोटे अजून चपळ आहेत त्या मुरड घालतात. विक्री डझनावर होते. गरम हवी असेल तर लोणी-कांद्यासह, घरी न्यायची असेल तर थंड किंवा गोठवलेली. मजुरी कोणी घेत नाही. आलेला पैसा छपराच्या डागडुजीसाठी, हिवाळ्यातील तापयंत्राच्या खर्चासाठी आणि इतर धर्मकार्यासाठी जातो.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळात या विक्रीला भर येतो. त्या काळात कॅथलिक कुटुंबे शुक्रवारी मांस वर्ज्य करतात आणि पोटभरीचे निर्मांस अन्न म्हणून पिरोगीला मागणी वाढते. पोलंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येचे भोजनही परंपरेने निर्मांस असते आणि कोबी-अळंबीची पिरोगी त्या ताटात हमखास असते. व्रताने घातलेल्या मर्यादेतून एक चविष्ट परंपरा कशी वाढते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

घरातून बाजाराकडे

ज्यांना चर्चच्या दिवसाची वाट पाहता येत नाही, त्यांच्यासाठी दुकाने आहेत. शहरालगतच्या मकीज रॉक्स येथे ‘पिरोगीज प्लस’ हे दुकान एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत चालते. तेथे हाताने केलेली पिरोगी डझनाच्या हिशेबाने मिळते. स्ट्रिप डिस्ट्रिक्ट या घाऊक बाजाराच्या जुन्या पेठेत पोलिश खाद्यपदार्थांचे दुकानही आहे.

मोठ्या दुकानांच्या शीतकपाटात मात्र ‘मिसेस टीज’ या नावाचे राज्य आहे. तिची कथा व्यापारी कुटुंबांना रुचावी अशी आहे. पेनसिल्व्हेनियातील शेनंडोआ या खाणगावात टेड ट्वार्डझिक यांची आई चर्चच्या विक्रीसाठी पिरोगी करीत असे. लोकांची मागणी पाहून टेड यांनी १९५२ साली आईच्याच स्वयंपाकघरातून धंद्याला आरंभ केला आणि तिच्या आडनावाचे आद्याक्षर मालाच्या नावात गुंफले. आज तो कारखाना आठवड्याला एक कोटीहून अधिक पिरोगी तयार करतो. देशाच्या कानाकोपऱ्यात हा पदार्थ पोहोचला, याचे श्रेय त्या उद्यमशीलतेला द्यावेच लागेल. तरीही यंत्राची पिरोगी आणि तळघरातील पिरोगी यांत ग्राहक भेद करतो. पहिलीत सोय आणि एकसारखेपणा आहे. दुसरीत पातळ पारी, भरगच्च सारण आणि करणारीच्या हाताची खूण आहे.

गोठवलेल्या मालाची पारख

गोठवल्याने चव जाते, हा समज अर्धाच खरा आहे. पदार्थ झपाट्याने गोठला तर त्यातील पाण्याचे स्फटिक बारीक राहतात आणि पारी शाबूत राहते. हळूहळू गोठला तर स्फटिक मोठे होऊन पारी फाटते व सारण पाणचट होते. म्हणून जाणत्या स्त्रिया पिरोगी ताटात सुटी मांडून गोठवतात आणि कडक झाल्यावरच पिशवीत भरतात.

विकत घेताना पिशवी हातात घेऊन हलवावी. नग सुटे खुळखुळले तर माल चांगला. सारे एका गोळ्यात चिकटले असतील किंवा पिशवीत बर्फाचा जाड थर असेल, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याचा संभव फार. मुरडीची नक्षी थोडी कमीजास्त असणे हे हाताच्या कामाचे लक्षण आहे. पण कड कोठे उघडी नसावी, नाहीतर उकळताना सारण पाण्यात जाते. घटकांची यादी जितकी आखूड तितकी बरी. बटाट्याऐवजी बटाट्याचा सुका चुरा आणि चीजऐवजी ‘चीजच्या चवीचे’ मिश्रण असेल तर घरगुती या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

घरी उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात माल ठेवावा. शिजवण्यापूर्वी तो वितळवू नये. वितळलेली पारी चिकट होऊन फाटते. गोठलेले नग थेट खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडावेत, वर तरंगू लागल्यावर आणखी एक-दोन मिनिटे ठेवावेत आणि मग झाऱ्याने काढून लोण्यावर परतावेत.

शाकाहारी कुटुंबांनी काय विचारावे

पिट्सबर्गच्या मनरोव्हिल उपनगरात हिंदू-जैन मंदिर आहे. शिक्षण वा नोकरीसाठी तेथे गेलेल्या मुलामुलींच्या पानात ही पिरोगी आज ना उद्या येतेच. ‘आत बटाटाच आहे’ एवढ्या उत्तरावर त्यांनी समाधान मानू नये. कणकेत अंडे असू शकते. परतण्यासाठी डुकराची चरबी वापरलेली असू शकते. काही सारणांत खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात. चीज घट्ट करण्यासाठी प्राणिज रेनेट आणि काही आंबट सायीत जिलेटिन असते. वेष्टनावर कोशर ‘डेअरी’ असे चिन्ह असेल तर त्यात मांस नाही एवढे समजते; अंडे वा मासे यांची हमी त्यातून मिळत नाही.

ज्यांना कंदमुळे वर्ज्य आहेत, त्यांच्यासाठी नेहमीचे बटाट्याचे सारण आणि वरचा कांदा दोन्ही बाद होतात. अशांनी गोड चीज, आलुबुखार वा निळ्या बोरांच्या सारणाची चौकशी करावी आणि कणकेत अंडे नसल्याची खात्री करून घ्यावी. छोट्या दुकानात किंवा चर्चच्या तळघरात करणारी व्यक्ती समोरच असते. आगाऊ सांगितले तर कांद्याविना, केवळ लोण्यासह देणे त्यांना अवघड जात नाही. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळणे, हा हातच्या मालाचा मोठाच लाभ आहे.

उरलेले हात

या साऱ्या व्यवहारावर एक सावट आहे. १९८०च्या दशकात पोलादाचे कारखाने बंद पडत गेले. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ साली थंडावला. १९५० मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या सुमारे पावणेसात लाख होती; २०२० मध्ये ती तीन लाखांच्या घरात आली. तरुण कुटुंबे दूर गेली, भाविकांची संख्या घटली. २०१८ साली तेथील रोमन कॅथलिक धर्मप्रांताने आपल्या १८८ पॅरिशांची ५७ गटांत पुनर्रचना केली. ज्या चर्चचे दार बंद होते, तेथील तळघरातील चूलही विझते.

शहराला पिरोगीचे कौतुक आहे. तेथील बेसबॉल संघाच्या सामन्यात १९९९ पासून पिरोगीचे सोंग घेतलेल्या माणसांची शर्यत लागते आणि आबालवृद्ध टाळ्या वाजवतात. पण टाळ्यांनी पारी लाटली जात नाही. कौशल्य टिकायचे असेल तर साठी-सत्तरीच्या हातांशेजारी विशीचे हात बसावे लागतात. काही ठिकाणी तसे घडतेही : नातवंडे सुट्टीत मदतीला येतात, वंशाने पोलिश वा युक्रेनियन नसलेले शेजारीही मुरड घालायला शिकतात.

ग्राहकाचाही यात वाटा आहे. कारखान्याच्या पिशवीपेक्षा हातची पिरोगी काहीशी महाग पडते आणि तिच्यासाठी ठरलेल्या दिवशी वाट वाकडी करावी लागते. त्या अधिक दामात वेळ, निगा आणि सचोटी यांची किंमत असते, हे पिढीजात व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. मागणी टिकली तर तळघरातले दिवे काही वर्षे तरी अधिक जळतील, आणि तेवढ्या अवधीत आणखी काही बोटे मुरड घालायला शिकतील.