सायकलचे विद्युत सायकलीत रूपांतर

सायकलचे विद्युत सायकलीत रूपांतर म्हणजे पायांनी चालवायच्या साध्या सायकलीला विद्युत मोटर, बॅटरी व नियंत्रक यंत्रणा जोडून तिला मोटरीचे साहाय्य मिळवून देणे होय. या कामासाठी लागणारे भाग बाजारात एकत्रित संचाच्या (किट) रूपात मिळतात. सायकल दुरुस्तीची नेहमीची हत्यारे आणि विजेच्या जोडणीचे प्राथमिक ज्ञान असल्यास हे काम घरीही करता येते. मात्र मूळ सायकलीची चौकट, चाके आणि ब्रेक मानवी शक्तीचा विचार करून घडवलेले असतात. त्यामुळे वाढीव वेग व वजन पेलण्यास ती सायकल समर्थ आहे की नाही, हाच रूपांतरातील मुख्य प्रश्न ठरतो.

इतिहास

अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विद्युत सायकलीचे एकस्व (पेटंट) मिळाले. त्यांच्या रचनेत मोटर मागील चाकाच्या तुंब्यात बसवलेली होती. बोस्टन येथील होसिया लिब्बी यांनी १८९७ मध्ये पेडलांच्या आसाशी मोटर असलेली रचना मांडली. आजच्या संचांतील दोन्ही प्रमुख प्रकार अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच सुचलेले होते. त्या काळच्या बॅटऱ्या अतिशय जड असल्याने त्यांचा प्रसार झाला नाही. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तर १९९३ मध्ये यामाहा कंपनीने पेडलाच्या जोरानुसार साहाय्य देणारी सायकल जपानमध्ये विक्रीस आणली. हलक्या बॅटऱ्या पुढे सर्वत्र मिळू लागल्यावर घरगुती रूपांतर व्यवहार्य झाले.

शक्ती व ऊर्जेचे गणित

विशेष सराव नसलेली निरोगी व्यक्ती सायकलीवर सलग तासभर साधारणतः ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकते. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाण्यास ती पुरते. परंतु सायकल, स्वार व सामान मिळून ९५ किलोग्रॅम वजन असेल आणि शंभर मीटर अंतरात पाच मीटर चढ असेल, तर ताशी १२ किलोमीटर वेग राखण्यासाठी केवळ चढापोटी सुमारे १५५ वॅट लागतात; टायरचे घर्षण व हवेचा विरोध मिळवल्यास ही गरज २०० वॅटच्या घरात जाते. २५० वॅटची मोटर नेमकी ही तूट भरून काढते.

बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मोजतात. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. स्वार पेडल मारत असल्यास दर किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-तास खर्च होतात, म्हणजे एका चार्जिंगमध्ये २४ ते ३६ किलोमीटर अंतर कापता येते. चढ, समोरचा वारा, कमी हवेचे टायर आणि पेडल न मारता केलेला प्रवास यांमुळे हे अंतर घटते.

घटक भाग

मोटर : चाकाच्या तुंब्यात बसणाऱ्या मोटरीस हब मोटर म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. गिअरच्या हब मोटरीत लहान दातेरी चक्रे मोटरीचा वेग कमी करून जोर वाढवतात. ती तुलनेने हलकी असून बंद असताना चाकाला फारशी अडवत नाही. थेट फिरणारी हब मोटर जड असते, परंतु तिच्यात झिजणारे भाग कमी असतात आणि योग्य नियंत्रक असल्यास ब्रेक लावताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत पाठवता येते. तिसरा प्रकार पेडलांच्या आसाजवळ बसणाऱ्या मध्य-मोटरीचा. तिचा जोर साखळीतून जात असल्याने सायकलीच्या गिअरांचा तिला लाभ होतो. मात्र साखळी व दातेरी चक्रे लवकर झिजतात.

बॅटरी : लिथियम-आयन बॅटरीतील प्रत्येक घट सरासरी ३.६ व्होल्टचा असतो. असे दहा घट एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट मिळतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेत हाच आकडा ४२ व्होल्टपर्यंत जातो. घटांना अतिचार्जिंग, अतिउपसा आणि शॉर्टसर्किट यांपासून वाचवणारी संरक्षक पट्टी बॅटरीत असणे अत्यावश्यक आहे.

कंट्रोलर : बॅटरीतील वीज मोटरीच्या वेटोळ्यांना योग्य क्रमाने व योग्य प्रमाणात पुरवण्याचे काम कंट्रोलर करतो. बॅटरी, कंट्रोलर व मोटर एकाच व्होल्टेजसाठी बनवलेले असावे लागतात.

संवेदक व कळी : पेडल फिरत असल्याचे ओळखणारी चुंबकीय चकती, हाताने वेग वाढवण्याचा थ्रॉटल आणि ब्रेक दाबताच मोटरीची वीज तोडणारे ब्रेकचे दांडे हे संचाचे उर्वरित भाग होत.

मूळ सायकलीची पात्रता

वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किलोमीटरऐवजी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल थांबवताना ब्रेकना सुमारे पावणेतीनपट ऊर्जा शोषावी लागते. वाढलेले वजन त्यात आणखी भर घालते. म्हणून मोटर बसवण्याआधी ब्रेक तपासणे आणि गरज असल्यास बदलणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात अजूनही दिसणाऱ्या मोठ्या काळ्या सायकलीच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. तिच्या सळयांच्या ब्रेकचे रबर रिमच्या तुंब्याकडील पृष्ठभागावर दाबले जाते. पावसात ओल्या पोलादी रिमवर त्याची पकड मुळातच कमी होते. त्यातच संचासोबत येणारे चाक बहुधा रिमच्या बाजू पकडणाऱ्या किंवा चकतीच्या ब्रेकसाठी घडवलेले असते. त्यावर सळयांचा ब्रेक नीट बसत नाही. असे चाक पुढे लावले आणि नवा ब्रेक बसवला नाही, तर सायकल वेगवान होते आणि पुढील ब्रेक गमावते. शिवाय वीज तोडणारे तयार दांडे तारेच्या ब्रेकसाठी असतात. अशा सायकलीचे चाक २८ इंची म्हणवले जात असले, तरी त्याच नावाच्या सर्व रिम एका व्यासाच्या नसतात. त्यामुळे जुना टायर नव्या रिमवर बसेल असे गृहीत धरता येत नाही.

चौकटीवरील तडे, जोडांवरील गंज, वाकलेला फोर्क (चिमटा) किंवा सैल बेअरिंग आढळल्यास ती सायकल रूपांतरासाठी वापरू नये.

जोडणीची पद्धत

१. चाक बसवणे : चाक पुढे ढकलताना मोटर आपल्या आसाला उलट दिशेने पिळते. आसाच्या चपट्या बाजू फोर्कच्या खाचेत घट्ट बसल्या नाहीत, तर आस खाचेत फिरतो, वायरी तुटतात आणि चाक निखळूही शकते. हा पीळ चौकटीकडे वळवणारी टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी म्हणूनच लावतात. खाच अरुंद असल्यास ती कानशीने घासून रुंद करण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे ताण घेणारा धातूच कमी होतो. ॲल्युमिनियमच्या व शॉकअप असलेल्या फोर्कची टोके अचानक तुटण्याचा धोका अधिक असल्याने तेथे मागील मोटर श्रेयस्कर ठरते.

२. बॅटरी बसवणे : वजन शक्यतो खाली व मध्यभागी, चौकटीच्या तिरप्या नळीवर ठेवतात. कॅरिअरवर बॅटरी ठेवल्यास सायकल वळताना डोलते.

३. वायरिंग : कंट्रोलर पाणी साचणार नाही व हवा लागेल अशा जागी ठेवतात. जोडांपूर्वी वायरीला खालच्या बाजूस झोळ दिल्यास पावसाचे पाणी जोडापर्यंत न जाता झोळातून गळून जाते. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज लावतात. धन व ऋण टोकांची खात्री करून बॅटरी सर्वांत शेवटी जोडतात.

४. चाचणी : प्रथम चाक जमिनीपासून उचलून त्याची दिशा आणि ब्रेक दाबताच मोटर थांबते का, हे पाहतात. त्यानंतर मोकळ्या मैदानात कमी वेगाने सायकल चालवतात. पहिल्या काही दिवसांनंतर आसाचे नट व चाकाचे आरे पुन्हा तपासून घट्ट करतात.

बॅटरीची सुरक्षितता

जुन्या संगणकांतील घट काढून घरी बॅटरी तयार करण्याचे प्रयोग केले जातात. निरनिराळ्या वयाचे घट एकत्र जोडल्यास त्यांच्यावर असमान भार येतो, तर घटाला थेट डाख दिल्यास उष्णतेने आतील पडद्याला इजा होऊ शकते. यातून लागणारी आग विझवणे कठीण असते. त्यामुळे तयार व बंदिस्त बॅटरीच घेणे उचित होय. चार्जर त्याच बॅटरीसाठीचा असावा. चार्जिंग घराच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर, अंथरुणाजवळ किंवा रात्री सर्व झोपलेले असताना करू नये. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात न टाकता स्वतंत्रपणे संकलनासाठी द्यावी लागते.

कायदेशीर स्थिती

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार काही अटी पाळणारे बॅटरीवरील दुचाकी वाहन मोटार वाहन मानले जात नाही. त्याच्या मोटरीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोग्रॅमपर्यंत असावे लागते. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक यांचीही अट आहे. पेडल-साहाय्याच्या सायकलीत मोटरीचे साहाय्य क्रमाने कमी होऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा पेडल मारणे थांबताच, बंद व्हावे लागते. यासाठी नियमांत नमूद चाचणी संस्थेची मान्यता अपेक्षित असते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक होय. संचाच्या वेष्टनावर छापलेला वॅटचा आकडा या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही. मर्यादेपेक्षा अधिक शक्तीची मोटर बसवलेली सायकल मोटार वाहनाच्या कक्षेत येते आणि तिला नोंदणी, परवाना व विमा यांविषयीचे नियम लागू होतात.

युरोपीय संघातही २५० वॅट व ताशी २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे. अमेरिकेत २००२ च्या संघीय कायद्याने ७५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि केवळ मोटरीवर ताशी २० मैलांहून कमी वेगाने जाणाऱ्या सायकलींना ग्राहकोपयोगी वस्तू मानले आहे. रस्त्यावरील वापराचे नियम तेथे राज्यागणिक भिन्न आहेत.