पुष्पसूत्र : फुलाचा उतारा कसा वाचावा

आपला शेतकरी पिकाचें पान, खोड व फळ चांगलें ओळखतो. परंतु फुलाकडे 'आलें व गळलें' एवढ्याच दृष्टीनें पाहण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक कापसाचें बोंड, तुरीची शेंग व सीताफळ यांचा पाया फुलांतच घातलेला असतो. ज्यास घरचें बीं राखावयाचें आहे, किंवा झाड फुलूनही फळ कां धरत नाहीं हें शोधावयाचें आहे, त्यास फुलाची रचना वाचतां आली पाहिजे. त्यासाठीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं एक आटोपशीर लेखनपद्धति बसविली आहे. तिला पुष्पसूत्र म्हणतात.

स्वीडनच्या लिनीअसनें १७३५ सालीं मुख्यतः केसरांच्या संख्येवरून वनस्पतींचे वर्ग पाडले. पुढें कासेल यानें १८२० मध्यें व मार्टिअस यानें १८२८ मध्यें फुलाच्या भागांची संख्या अंकांनीं मांडण्याचा उपक्रम केला. आइख्लर या जर्मन पंडिताचा पुष्पचित्रांवरील ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळांत निघाला. तेव्हांपासून ही रीत रूढ होत गेली.

फुलांत बाहेरून आंत चार मंडलें असतात. पहिलें हिरव्या दलांचें, तें संवर्त. दुसरें पाकळ्यांचें, तो पुष्पमुकुट. तिसरें पराग देणाऱ्या केसरांचें, तें केसरमंडल. आणि मधोमध स्त्रीभाग, तें किंजमंडल. याच्या एकेका घटकास किंजदल म्हणतात. परदेशीं ग्रंथांत यांस रोमन अक्षरें लावतात. आपण सं, पु, के, किं अशीं आद्याक्षरें घेऊं.

अक्षरापुढील अंक म्हणजे भागांची संख्या. भाग पुष्कळ असल्यास ∞ हें चिन्ह. अंक कंसांत असेल तर ते भाग एकमेकांस जुळलेले. जणूं सातबाऱ्यावरील सामाईक खातें. कंस नसेल तर वाटणी झालेली समजावी. अधिकाचें चिन्ह एकाच मंडलांतील निरनिराळे गट दाखवितें. फूल चाकाप्रमाणें सर्व बाजूंनीं सारखें असल्यास आरंभीं ⊕, आणि एकाच रेषेवर दोन सारखे भाग होत असल्यास % लिहितात. बीजाची कुपी इतर भागांच्या वर असल्यास शेवटच्या अंकाखालीं रेघ ओढतात. काकडी-भोपळ्याप्रमाणें ती खालीं असल्यास रेघ अंकावर येते.

आतां कापसाचें सूत्र पाहूं : ⊕ सं(५) पु५ के(∞) किं(३–५). संवर्ताबाहेर तीन दातेरी पानें असतात, तीं निराळीं नोंदतात. केसर पुष्कळ, परंतु खालीं जुळून त्यांची नळी झालेली. किंजदलें तीन ते पांच. म्हणून कोंवळें बोंड आडवें कापल्यास तितकेच कप्पे दिसतात. देशी जातींत ते बहुधा तीन-चार, अमेरिकन जातींत चार-पांच. भेंडीचें व अंबाडीचें फूल कापून पाहिल्यास हीच केसरांची नळी आढळेल. हीं सर्व एकाच भावकीचीं आहेत, आणि भावकीबरोबर शत्रूही सामाईक असतात : कापसावरील ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवरही उपजीविका करते. कापसाच्या कडेस भेंडी लावणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

तुरीचें सूत्र असें : % सं(५) पु१+२+(२) के(९)+१ किं१. एक मोठी पाकळी, बाजूच्या दोन, आणि खालच्या दोन मिळून झालेली नाव. नऊ केसर एकत्र, दहावा वेगळा. किंजदल एकच, म्हणून शेंगेस कप्पा एकच. हरभऱ्याचें सूत्रही हेंच आहे. तथापि हरभरा बहुतेक स्वपरागित, तर तुरीवर मधमाश्या फिरून परपराग बराच होतो. तुरीचें घरचें बीं राखणारानें त्याचा तुकडा दुसऱ्या वाणापासून लांब ठेवावा तो याच कारणानें. सूत्र रचना सांगतें, वर्तन सांगत नाहीं. तें शेतांत उभें राहूनच पाहावें लागतें.

हीच गोष्ट आपल्या बीड जिल्ह्यास सीताफळांत अधिक जाणवते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, व अंबाजोगाई येथें या फळाचें संशोधन केंद्र आहे. सूत्र : ⊕ सं३ पु३+३ के∞ किं∞. बाहेरच्या तीन पाकळ्या जाड व लांब. आंतील तीन अगदीं सूक्ष्म, कधीं नसतातही. किंजदलें पुष्कळ व सुटीं. पुढें तीं जुळून एक फळ होतें, आणि सालीवरील एकेक डोळा हें एकेक किंजदल होय. ज्या बाजूच्या किंजदलांस पराग मिळत नाहीं, ती बाजू खुरटते व फळ वेडेंवांकडें होतें.

एकाच फुलांत केसर व किंजदलें दोन्ही असतां पराग कां मिळूं नये? कारण पाकळ्या किंचित विलग होतांना स्त्रीभाग पराग घेण्यास सिद्ध असतो, आणि केसर मागाहून, पाकळ्या पूर्ण पसरल्यावर, पराग सोडतात. मधली ने-आण बारीक भुंगेरे करतात. ते कमी पडले कीं फळधारणा कमी. पुष्पसूत्रांत काळाचा रकाना नाहीं, म्हणून हें त्यांत दिसत नाहीं. उपाय मात्र साधा आहे : पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग मऊ कुंचल्यानें घेऊन नुकत्याच विलग होऊं लागलेल्या फुलांच्या मधल्या भागास सर्व बाजूंनीं लावावा.

एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. एकाच पिकाच्या दोन वाणांचें सूत्र बहुधा सारखेंच असतें. म्हणून वाणाची शुद्धता यावरून ठरवूं नये. जात, भावकी व फळाची घडण ओळखणें, एवढाच त्याचा अधिकार. त्यास लागणारें साहित्य म्हणजे एक धारदार पातें, एक भिंग व एक वही. येत्या हंगामांत प्रत्येक कृषिबंधूनें आपल्या बांधावरील पांच फुलें कापून त्यांचीं सूत्रें वहींत उतरून घ्यावीं, आणि मुलांकडून पडताळून पाहावीं, अशी विनंति आहे.