दुभाष्याची वही

ड्रायव्हर म्हटला की आपल्याला सिडको बसस्थानकावरचा खाकी गणवेशातला माणूस आठवतो. संगणकातला ड्रायव्हर वेगळा. तो दुभाष्या आहे. प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय यांची बोली त्याला कळते आणि ती तो संगणकाला समजावून देतो.

प्रश्न असा, की या दुभाष्याची वही कोणाकडे असावी? माणूस प्रोग्रॅम लिहितो ती मूळ संहिता. ती वाचता येते, दुरुस्त करता येते. यंत्रासाठी तिचं रूपांतर झालं की उरतात शून्य आणि एक. अनेक कंपन्या तेवढंच देतात.

1980च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर मिळाला. कागद वारंवार अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी तशी सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्याची संहिताच मिळेना. 1983 साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभवही होता.

लिनस तोरवाल्ड्स यांनी 1991 साली सुरू केलेल्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सर्वांना खुला आहे. तो सतत बदलतो. खुला ड्रायव्हर त्यात सामील असला, तर बदल करणारे त्यालाही सांभाळून घेतात. बंद ड्रायव्हर मात्र कंपनीच्या मर्जीवर. तो आत आला की कर्नल स्वतःवर ‘डागाळलेला’ अशी खूण करतो. मग बिघाड झाला तर कर्नलचे कर्ते सहसा हात लावत नाहीत. न दिसणाऱ्या ओळीतली चूक शोधणार कशी?

कंपन्यांचीही बाजू आहे. स्पर्धकांची भीती असते. काही संहिता दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेली असते. तोरवाल्ड्स यांनी 2012 साली एनव्हिडियावर जाहीर टीका केली होती. त्या कंपनीने 2022 साली ग्राफिक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. बाकी बराच बंदच राहिला.

मी कवितेचा माणूस, मला याचं काय? वडिलांच्या उर्दू वह्या जपण्यासाठी मी स्कॅनर घेतला होता. नवं विंडोज आलं आणि कंपनीने त्यासाठी ड्रायव्हर दिलाच नाही. काच स्वच्छ, दिवा लागतो, पण यंत्र मुकं. एका विद्यार्थ्याने तोच स्कॅनर लिनक्सच्या संगणकाला जोडला आणि वह्यांची पानं पडद्यावर उमटली. कोणा अनोळखी माणसाने त्याचा खुला ड्रायव्हर लिहून ठेवला होता.

शहागंजातला घड्याळजी झाकण उघडून पाहू शकतो, म्हणून आजोबांचं घड्याळ नातवाच्या मनगटावर चालतं. पुढचं यंत्र घेताना किमतीबरोबर एवढंही विचारा : याला खुला ड्रायव्हर आहे का?