परसातला पिवळा पाहुणा

मराठीचा प्राध्यापक कांद्याविषयी लिहू लागला की वाचकांनी दचकावे, हे साहजिकच. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो इंग्लंडहून एका लहानशा पाकिटातून आमच्या घरी आला.

माझे थोरले बंधू बरीच वर्षे तिकडे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पिवळ्या कांद्याचे बी पाठवले आणि दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, फोनवर सांगितले, "परसात लावा. एप्रिलमध्ये येईन तेव्हा भाकरीबरोबर तोच खाऊ." बंधूंचे येणे त्याआधी तीनदा रहित झाले होते. दादांची ऐंशी उलटलेली. त्यांनी ते पाकीट देवघरात ठेवले, यावरून काय ते ओळखावे.

दिवाळी होताच देवगाव रंगारीच्या परसात दादांनी गादीवाफा करून रोप टाकले. सात आठवड्यांनी लावणी झाली. शेजारच्या वाफ्यात नेहमीचा लाल उन्हाळ कांदा. दोघांना शेणखत सारखे, पाणीही सारखे. (पाहुण्याला थोडे जास्तच मिळत असावे, असा आमच्या सौभाग्यवतींचा संशय आहे.)

पाहुण्याची पात काय माजली म्हणता! एप्रिल लागला, लाल कांद्याच्या माना पडल्या. हा मात्र ताठ उभा. दादा रोज सकाळी बोटाने माती उकरून बघत. खाली गड्डा नव्हेच, नुसती जाड मान. "माझ्याकडूनच काही राहिलं," एवढेच ते म्हणाले. जन्मभर कांदा पिकवलेल्या माणसाच्या तोंडचे ते वाक्य मला सोसवले नाही.

शहरात परतल्यावर मी वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना गाठले. ते हसले. म्हणाले, "अहो, कांद्याची पात दिवस मोजते!" दिवस ठरावीक लांबीचा झाला, तरच कांदा गड्डा धरतो. झाडे दिवसाच्या लांबीवर आपले वेळापत्रक ठरवतात, हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली दाखवून दिले. आपल्या कांद्याला 11-12 तासांचा दिवस पुरतो. थंड मुलखातल्या जातींना 14 ते 16 तास लागतात. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस असतो. आमच्या गावचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास! दादांनी अमृत शिंपले असते तरी गड्डा धरला नसता.

दादांना हे सांगितले. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "म्हणजे त्याची चूक नाही." कोणाची, ते मी विचारले नाही. बंधू त्या एप्रिलमध्येही आले नव्हते.

पिवळा कांदा आपल्याकडे होतच नाही असे मात्र नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले सुवर्णा' आहे, बंगळूरची 'अर्का पीतांबर' आहे; दोन्ही इथल्या दिवसांना सरावलेल्या. गेल्या हिवाळ्यात आम्ही फुले सुवर्णा लावली. (बी ताजेच घ्यावे, कांद्याचे बी वर्षभरात उगवेनासे होते.) एप्रिलमध्ये माना पडल्या आणि मातीतून पिवळेधमक गड्डे निघाले. त्यांच्या साली तुरटीच्या पाण्यात उकळून सौभाग्यवतींनी एक पांढरा रुमाल रंगवला. गावाच्या नावातच रंगारी आहे, तेव्हा तो सोनेरी उतरला यात नवल ते काय! तो रुमाल इंग्लंडला गेला.

सहा कांदे दादांनी माळ्यावर वेगळे ठेवले होते. परवा त्यातल्या एकाला कोंब फुटलेला दिसला. दादांनी तो काही न बोलता कुंडीत लावला, आणि यंदाच्या गादीवाफ्यासाठी माती चाळायला बसले.