वस्तऱ्याचा दगड

धार लावणारा म्हटलं की सायकल उभी करून, पॅडल मारत, चाकावर ठिणग्या उडवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. विळी, कात्री, कोयता, सगळं त्याच्याकडे चालतं. वस्तरा मात्र त्याच्या हातात द्यायचा नसतो. वस्तऱ्याचं पातं आतून कोरून इतकं पातळ केलेलं असतं की कोरड्या फिरत्या चाकावर धारेजवळचं पोलाद क्षणात तापतं आणि पात्याचं पाणी उतरतं. एकदा पाणी उतरलं की मग धार लावा नाहीतर लावू नका, ती टिकणार नाही. म्हणून वस्तऱ्याला लागतो दगड. तोही साधासुधा नव्हे, कठीण आणि अतिशय बारीक पोताचा.

'वस्तरा' हा शब्द आपल्याकडे फारसी 'उस्तरा'वरून आला. संस्कृतातला 'क्षुर' मराठीत 'क्षौर'मध्ये उरला आहे, आणि तोही बहुधा धार्मिक विधीपुरताच. शब्दांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात, हॉट स्प्रिंग्ज गावाच्या आसपासच्या डोंगरांत एक दगड मिळतो. त्याचं नाव नोव्हॅक्युलाइट. लॅटिनमध्ये 'नोवाकुला' म्हणजे वस्तरा! दगडाचं बारसंच वस्तऱ्यावरून झालंय. मी ज्या दगडाबद्दल सांगणार आहे तो हाच.

हा दगड जवळजवळ शुद्ध सिलिका असतो. क्वार्ट्‌झचे काही मायक्रॉनचे कण एकमेकांत घट्ट रुतून बसलेले. गंमत अशी की मऊ आर्कान्सा आणि कठीण आर्कान्सा यांतले कण साधारण सारखेच, फरक असतो तो पोकळीचा. कणांमध्ये फट जास्त असेल तर दगड भरभर कापतो पण ओरखडे खोल पाडतो. फट जवळजवळ नसेलच, तर तो हळू कापतो आणि गुळगुळीत धार देतो. म्हणून या दगडांची प्रत घनतेवरून ठरवतात. सगळ्यात दाट तो काळा किंवा अर्धपारदर्शक. पातळ कडेमागे उजेड धरला तर तो आरपार झिरपताना दिसतो.

बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात पिवळसर 'कॉटिक्युल' मिळतो. त्यात गार्नेटचे गोलसर स्फटिक असतात. दुसऱ्या लहान दगडानं त्यावर पाणी घालून घासलं की दुधासारखा चिखल सुटतो आणि तो चिखलच पोलाद कापतो. आर्कान्सा दगड असं काही सोडत नाही. त्याचे कण जागचे हलत नाहीत. त्यामुळे त्याचा पृष्ठभाग जसा तयार कराल तसाच तो वागतो. आपल्या पाट्याला टाकी लावून खरबरीत करतात ना, इथे नेमकं उलटं. सपाट काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर ठेवून, आधी जाड मग बारीक, असा दगड घासत जायचा. कंटाळवाणं काम आहे, तासन्‌तास जातात. पण ते एकदाच. एका बाजूला जरा खरबरीत आणि दुसरीला आरशासारखा केला, तर एकाच दगडाचे दोन दगड होतात.

आता प्रत्यक्ष काम. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. कोन आपण ठरवायचा नसतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनी तो कारखान्यातच ठरवलेला असतो, साधारण १६ अंशांच्या आसपास. झीज झाली तर पाठ आणि धार दोन्ही झिजतात, त्यामुळे कोन फारसा बदलत नाही. मला ही युक्ती फार आवडते. चाकूला धार लावताना मनगट जे सांभाळतं, ते इथे पाठ सांभाळते.

दगडावर पाणी किंवा पातळ तेल. धार पुढे ठेवून पातं सरकवायचं, आणि दगडाची रुंदी कमी असल्यामुळे सरकवता सरकवता टाचेकडून टोकाकडे तिरकं ओढायचं. टोकाला आलं की पाठीवर उलटं करायचं, धारेवर कधीच नाही. जोर द्यायचा नाही, पात्याचं वजन पुरतं. जोर दिला की पातळ धार वाकते, आणि पाठीवर रुंद चपटा पट्टा पडतो तो वेगळाच.

कठीण दगड बोथट धार दुरुस्त करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. खांडं पडलेला वस्तरा घेऊन त्यावर दोनशे वेळा घासलं तरी काही होणार नाही. ते काम आधी १००० नंबरच्या दगडावर, मग ४००० आणि ८००० वर. दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत मिळाले की मगच हा दगड, शंभर-दीडशे हलके हात. काम जमतंय का हे पाणी सांगतं. धार सगळीकडे टेकत असेल तर पुढचं पाणी पात्यावर चढत जातं. एखाद्या जागी ते नुसतंच पुढे ढकललं जात असेल, तर तिथे धार अजून टेकलेली नाही.

केस पोलादापेक्षा पन्नासेक पटींनी मऊ, मग धार जातेच कशी? २०२० साली एमआयटीतले जेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून हे पाहिलं. तोवरचा समज होता की धार झिजून गोल होते. त्यांना दिसलं की धारेचे बारीक टवके उडतात. केस कापताना वाकतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे त्या वाकड्या ताणानं चीर पडते. त्यांचे प्रयोग फेकून द्यायच्या पात्यांवरचे होते. पण मला त्यातून दगडाचं एक काम जास्त स्पष्ट झालं. खोल ओरखडा धारेपर्यंत गेला की तिथे एक सूक्ष्म खाच तयार होते, आणि टवका उडायला तेवढी जागा पुरते. कठीण दगड या खाचाच उथळ करत नेतो.

न्हाव्यांच्या धोकटीतून हे दगड आता जवळजवळ गेलेत. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती वाढली तसं दुकानांत अर्धं ब्लेड बदलायचे वस्तरे आले, आणि ते योग्यच झालं. एका गिऱ्हाइकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालावर फिरू नये. घरचा, एकाच माणसाचा वस्तरा ही गोष्ट वेगळी. माझ्याकडे घरातला एक जुना शेफिल्डचा आहे. त्याची रुंदी पहिल्यापेक्षा नक्कीच कमी झालीय, कारण प्रत्येक दगड थोडं पोलाद नेतो आणि ते परत येत नाही. म्हणून रोज दगड नको. रोज चामड्याचा पट्टा, पाठ पुढे धरून, तीस-चाळीस हात. दाढी झाल्यावर पातं पुसून कोरडं करायचं, पावसाळ्यात तर तेलाचा हातही फिरवायचा, आमच्याकडच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. दगडाकडे जायचं ते गाल ओढायला लागल्यावरच, आणि तेव्हाही आधी पट्टा मारून बघून.